टाइमिंग किती आलं? कोकणातल्या मैदानावर वेळ मोजताना आणि वाचताना

तालुक्याच्या शालेय स्पर्धा आटोपल्या की पुढचे दोन दिवस एसटी स्टँडपासून चहाच्या टपरीपर्यंत एकच विषय. 'आमच्या झिलान अकरा दोन मारल्यान!' आता हे अकरा दोन, म्हणजे शंभर मीटरला ११.२ सेकंद, कुठल्या घड्याळावर आले, वारा पाठीमागून होता की तोंडावर, मैदान खरोखर शंभर मीटर भरतं का, असं विचारलं की झिलाचा बापूस रागावतो. पण हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

हा लेख तीन जणांसाठी आहे. नव्याने लागलेले क्रीडाशिक्षक, ज्यांच्या घरातलं पोर अचानक पळायला लागलंय असे पालक, आणि स्वतः पळणारी मुलंमुली.

सुरुवातीला दोन आकडे बघा. २००८ साली बीजिंग ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये उसेन बोल्टने १०० मीटरला ९.६९ सेकंद दिले. वारा शून्य. तो विश्वविक्रम झाला. त्याच्या बारा वर्षं आधी, १९९६ मध्ये, अमेरिकेतल्या एल पासोला बार्बाडोसच्या ओबाडेले थॉम्पसननेही ९.६९ च दिले होते. पण पाठीमागून सेकंदाला ५ मीटरहून जास्त वारा होता. विक्रम नाही, काही नाही. आकडा तोच, शर्यत मात्र वेगळी. मोठ्या स्पर्धांत टाइमच्या शेजारी कंसात वाऱ्याचा आकडा छापतात तो यासाठीच. आपल्याकडे तो कंस नसतो, मग निदान आपल्या वहीत तरी असावा.

आधी टेप घ्या

पहिलं काम मैदान मोजायचं. कोकणात सपाट जागा मुळातच कमी. डोंगर कापून, भराव घालून केलेलं मैदान, एका टोकाला गडगा, दुसऱ्या टोकाला व्हाळ. अशा ठिकाणी 'शंभर मीटर' म्हणजे पूर्वी कोणीतरी आखलेल्या दोन खुणांमधलं अंतर. कापडी टेप ताणली तर वाढते, सैल धरली तर झोळ पडतो. स्टीलची टेप आणा, दोघांनी ताणून धरा, आणि दर टप्प्याला खिळा ठोका.

कुठून कुठे मोजायचं, हेही ठरलेलं आहे. स्टार्टची फक्की, म्हणजे पांढऱ्या भुकटीची रेष, शंभरातच धरायची, म्हणजे फिनिशपासून लांब असलेल्या तिच्या मागच्या कडेपासून मोजायचं. फिनिशला मात्र स्टार्टच्या बाजूच्या कडेपर्यंतच. फिनिशची रेष अंतरात येत नाही. रेष नियमाने ५ सेंटिमीटर रुंद. आपल्याकडे फक्की हाताने सोडली की ती वीतभर होते, दोरी लावून मारली तर बरी पडते. मैदान एक मीटर कमी भरलं तर साडेबारा सेकंदांत पळणाऱ्या मुलाचे साधारण ०.११ सेकंद वाचतात. पुढे वाऱ्याचा हिशोब येईल तेव्हा हा आकडा किती मोठा आहे ते कळेल.

मग उतार. विक्रमासाठी पळण्याच्या दिशेने हजाराला एक इतकाच उतार चालतो, म्हणजे शंभर मीटरला १० सेंटिमीटर. डोळ्याने हा कळत नाही. पावसाळ्यात जोराची सर येऊन गेली की मैदानावर जाऊन पाणी कुठे वाहतं ते बघा. नेमकं हवं असेल तर गवंड्याकडची पाणी भरलेली पारदर्शक नळी मागून घ्या. तो पाया आखताना जे करतो तेच करायचं, नळीची दोन टोकं दोन खुंट्यांना आणि मध्ये दहा-दहा मीटरचे टप्पे. अर्ध्या तासाचं काम. एकदा केलं की कायमचं कळतं की आपलं मैदान उताराचं आहे. 'आमच्याकडची पोरं फास्ट' या दाव्यातला बराचसा भाग कधीकधी इथेच निकालात निघतो.

क्लॅपर बघायचा, ऐकायचा नाही

सगळ्यात मोठी चूक इथे होते आणि सगळ्यात सहज टळते. आवाजाला शंभर मीटर यायला जवळपास ०.२९ सेकंद लागतात. फिनिशला उभा असलेला माणूस आवाज ऐकून बटण दाबत असेल तर त्याचं घड्याळ तितकं उशिरा सुरू होतं, आणि मुलाचा टाइम तितका 'सुधारतो'. खरे १२.९ वहीत १२.६ होतात. म्हणून नियम असा की बंदुकीचा धूर किंवा ठिणगी दिसली की घड्याळ सुरू करायचं. आपल्याकडे लाकडी क्लॅपर असतो, म्हणजे एकमेकींवर आपटून आवाज काढायच्या दोन फळ्या. त्याच्या फळ्या बाहेरून पांढऱ्या रंगवा, स्टार्टरने तो डोक्यावर उंच धरायचा, आणि मागे काहीतरी गडद असू दे. जांभ्याच्या भिंतीसमोर पांढरा क्लॅपर मिटताना शंभर मीटरवरून स्वच्छ दिसतो. मोकळ्या आभाळासमोर दिसत नाही.

शिट्टीवर स्टार्ट देणं आधी बंद करा. शिट्टी मिटताना दिसत नाही. अगदीच क्लॅपर नसेल तर स्टार्टरने रुमाल धरलेला हात शिट्टीसोबत झटक्यात खाली आणावा. काम चालतं, पण तसं वहीत लिहा.

टायमर उभा कुठे राहतो यालाही महत्त्व आहे. फिनिशच्या रेषेच्या सरळ वाढीवर, ट्रॅकपासून निदान पाच मीटर लांब, जमल्यास बाकावर किंवा टेबलावर चढून. रेषेच्या दोन हात पुढे उभं राहिलं की तिरकं दिसतं आणि लांबच्या लेनचं पोर आधी पोचल्यासारखं वाटतं. घड्याळ थांबवायचं ते छाती रेषेवर आली की. डोकं, मान, हात, पाय यातलं काहीच धरत नाहीत. पोरं हात पुढे काढून उड्या मारतात, त्याचा टाइमला काडीचा उपयोग नाही.

हातघड्याळाचा टाइम लिहायची रीत बऱ्याच जणांना ठाऊक नसते. घड्याळावर १२.३१ दिसले तर १२.३ लिहायचे नाहीत, १२.४ लिहायचे. नेहमी वरच्या दशांशावर. १२.४० असेल तरच १२.४ राहतं. माणसाच्या बोटाला शतांश मोजता येत नाही, घड्याळ ते दाखवतं इतकंच. त्यामुळे 'हाताने १२.३४ आले' असं कोणी म्हणालं तर समजा की त्याने नियम वाचलेला नाही.

तीन घड्याळं लावलीत तर दोघांचं जुळेल ते घ्या. तिघांचं वेगळं आलं तर मधलं. दोनच असतील आणि फरक पडला तर जास्तीचं, म्हणजे हळू असलेलं. मुलाचे पालक जवळ उभे असतील तेव्हा हा शेवटचा नियम पाळायला जरा धीर लागतो.

आणि आता तो प्रसिद्ध पाव सेकंद. हाताचा टाइम विजेवरच्या, म्हणजे बंदुकीसोबत आपोआप सुरू होणाऱ्या घड्याळाच्या टाइमशी ताडायचा असेल तर १०० आणि २०० मीटरला ०.२४ मिळवतात, ४०० ला ०.१४. कारण साधं आहे. सुरुवातीला क्लॅपर दिसल्यावर बोट हलायला वेळ लागतो, पण शेवटी पोर येताना दिसत असतं, त्यामुळे बोट आधीच तयार असतं. सुरुवातीचा उशीर उरतो, शेवटचा उरत नाही. मिल्खा सिंगांच्या १९६० च्या रोम ऑलिम्पिकमधल्या ४०० मीटरला हाताच्या घड्याळावर ४५.६ होते आणि विजेच्या घड्याळावर ४५.७३. दोन्ही आकडे आजही छापून येतात आणि वाद होतात. दोन्ही बरोबर आहेत.

तेव्हा गावातल्या मैदानावर आलेले १२.४ पुण्यात बालेवाडीला फोटोफिनिशवर, म्हणजे रेषेवरच्या कॅमेऱ्याला जोडलेल्या विजेच्या घड्याळावर, १२.६४ च्या आसपास दिसले तर पोर मंदावलेलं नाही. हे त्याला जायच्या आधी सांगा. नाहीतर परतीच्या गाडीत तोंड पाडून बसेल.

शतांशाची किंमत काय असते ते विचारायचं तर पी. टी. उषांना विचारावं. १९८४ ला लॉस एंजेलिसला ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत त्या ५५.४२ ला आल्या, तिसरी ५५.४१ ला. पदक गेलं. हाताच्या घड्याळावर दोघींनाही बहुधा एकच आकडा मिळाला असता.

मोबाइल असेल तर

मोबाइलवरचं स्टॉपवॉच हे काचेवर बोट आपटण्याचं काम आहे. साधं बटणवालं घड्याळ त्याहून बरं. पण मोबाइलचा कॅमेरा मात्र कामाचा आहे. फिनिशच्या रेषेच्या बरोबर वाढीवर तिकाटण्यावर लावा, हाताने धरू नका. सेकंदाला ६० चित्रं घेतली तर एका चित्राला ०.०१७ सेकंद पडतात. स्लो मोशनला २४० चित्रं घेतली तर त्याच्याही चौथाई. छाती रेषेवर येते ते चित्र सापडलं की शेवट पक्का.

सुरुवात कशी धरायची? कॅमेऱ्यात क्लॅपर दिसत नाही, आवाज मात्र रेकॉर्ड होतो. तो ०.२९ सेकंद उशिरा आलेला असतो, म्हणून आवाजापासून मोजलेल्या वेळेत ०.२९ मिळवायचे. २०० मीटरला हे अंतर धावण्याच्या वाटेने धरायचं नाही, स्टार्टरपासून कॅमेऱ्यापर्यंत सरळ रेषेत धरायचं. एवढं केलंत तर हाताच्या घड्याळापेक्षा खूप जवळचा आकडा मिळतो. तरी त्याला 'इलेक्ट्रॉनिक' म्हणू नका, 'व्हिडिओ' असं लिहा.

वारा: खारा, मतलई आणि मधली वेळ

इथे कोकण घाटापेक्षा वेगळं आहे, म्हणून जरा थांबतो.

भूगोलाच्या पुस्तकात शिकलेले खारे आणि मतलई वारे आपल्याकडे टाइमशीटवर दिसतात. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई, दुपारपासून समुद्राकडून जमिनीकडे खारा. मध्ये कधीतरी, साधारण दहा-अकराच्या पुढे, हवा पडते आणि मग फिरते. आपल्या स्पर्धांचा कार्यक्रम नेमका याच्या दोन्ही बाजूंना पसरलेला असतो. हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, सकाळी, मग पाहुण्यांची भाषणं, जेवण, फायनल तीन वाजता. ट्रॅक पूर्व-पश्चिम असेल आणि मुलं समुद्राच्या दिशेने पळत असतील तर सकाळी वारा पाठीला, दुपारी तोच तोंडावर. फायनलचा टाइम हीटपेक्षा वाईट आला की सगळे म्हणतात पोर दडपणाखाली आलं. आधी झाडाकडे बघा.

ट्रॅक किनाऱ्याला समांतर, उत्तर-दक्षिण असेल तर हे दोन्ही वारे आडवे लागतात आणि त्यांचा फरक कमी पडतो. मैदान आखायची संधी मिळाली आणि जागा दोन्हीकडे पुरत असेल तर शंभरची लेन उत्तर-दक्षिण घ्या. मार्च ते मे दुपारी वारा वायव्येकडून चांगला जोर धरतो, तेव्हा तीही लेन पूर्ण सुटत नाही.

आता हिशोब. मोठ्या धावपटूंच्या बाबतीत शंभर मीटरला पाठीमागून सेकंदाला २ मीटर वारा असेल तर साधारण ०.१० सेकंदाचा फायदा होतो. तेवढाच वारा तोंडावर असेल तर तोटा त्याहून थोडा जास्त, कारण हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो. विक्रमासाठी १०० आणि २०० ला अधिक २.० पर्यंत वारा चालतो, त्यापुढे शर्यत आणि नंबर ग्राह्य, टाइम विक्रमाला नाही. बर्लिनला २००९ मध्ये बोल्टने ९.५८ दिले तेव्हा वारा अधिक ०.९ होता. त्याच आठवड्यात २०० ला १९.१९ दिले ते उणे ०.३ वर, म्हणजे वारा किंचित तोंडावर असताना.

वारा मोजायचं यंत्र फिनिशपासून ५० मीटरवर, पहिल्या लेनपासून दोन मीटरच्या आत आणि १.२२ मीटर उंचीवर लावतात. शंभर मीटरला स्टार्टपासून दहा सेकंदांची सरासरी घेतात. उंचीचा आकडा लक्षात ठेवा, कारण आपण सगळे माडाच्या झावळ्या बघून वारा ठरवतो. झावळी पन्नास-साठ फुटांवर हलते, तिथला वारा कमरेच्या उंचीवर नसतो. मोबाइलवरचं हवामानही तसंच, ते दहा मीटर उंचीचं आणि भलत्याच जागेचं असतं. तरी बघायचं झालं तर किलोमीटरच्या आकड्याला ३.६ ने भागा. ताशी ७.२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला २ मीटर.

यंत्र नसेल तर काय? उदबत्ती. खरंच. पन्नास मीटरच्या खुणेपाशी काठीला कमरेच्या उंचीवर बांधा आणि धूर बघा. धूर वाहतोय, पण तोंडाला काही जाणवत नाही: सेकंदाला दीड मीटरच्या आत. तोंडाला वारा लागतोय, आंब्याची पानं सळसळतायत: दीड ते सव्वातीन, म्हणजे २.० ची रेघ यातच कुठेतरी आहे. पानं आणि बारीक डहाळ्या सतत हलतायत, लेनचे झेंडे ताठ झालेत: साडेतीनच्या पुढे, टाइम वहीत लिहा पण त्यावर पेढे वाटू नका. वारा तिरका असेल तर जोर सगळा धरू नका. पंचेचाळीस अंशांत असेल तर सत्तर टक्के धरा, पूर्ण आडवा असेल तर जवळपास शून्य.

यंत्र असलं म्हणजे वाद मिटला असंही नाही. फ्लोरेन्स ग्रिफिथ-जॉयनरचा १०.४९ चा विश्वविक्रम १९८८ साली इंडियानापोलिसला झाला. त्या शर्यतीला यंत्राने ०.० दाखवलं, तर त्याच सुमारास तिथेच चाललेल्या तिहेरी उडीच्या यंत्रावर ४.३ होते. विक्रम आजही यादीत आहे.

२०० मीटरला वारा सरळ भागावरच मोजतात, पण वळणावर तो वेगळाच लागत असतो. ४०० ला वारा धरतच नाहीत, कारण एका बाजूला मिळालेलं दुसऱ्या बाजूला जातं, आणि थोडं जास्तच जातं.

दमट हवा आणि घाट

'आज हवा जड आहे' असं पोरं म्हणतात. दमट हवा प्रत्यक्षात कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकी असते, वाफेचा रेणू हलका म्हणून. उकाड्यातली हवा थंडीतल्या हवेपेक्षा विरळ. म्हणजे शंभर मीटरसाठी आपली हवा वाईट नाही, उलट स्नायू लवकर गरम होतात. त्रास होतो तो शर्यतींच्या मधल्या वेळात. घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, ऑक्टोबरच्या उन्हात दोन तास बसलेलं पोर फायनलला अर्धं झालेलं असतं. सावली, सरबत, ओला पंचा, इतकंच.

घाटावर गेल्यावर टाइम सुधारतो का? समुद्रसपाटीपासून हजार मीटर चढलं तर शंभर मीटरला ०.०३ ते ०.०४ सेकंदांचा फायदा होतो असा हिशोब आहे. पुणे साधारण ५६० मीटरवर, म्हणजे ०.०२ च्या आसपास. हाताच्या घड्याळाला तो दिसणारही नाही. १९६८ ला मेक्सिको सिटीत जिम हाइन्सने ९.९५ दिले ते २,२४० मीटरवर, तिथे तो दिसतो. बालेवाडीला पोरांचा टाइम सुधारतो तो सिंथेटिक ट्रॅकमुळे आणि चांगल्या स्पर्धकांमुळे, उंचीमुळे नव्हे.

लाल माती, पुळण आणि पाय

मुरमाचं मैदान पाऊस संपल्यावर दाबून ओलसर असतं तेव्हा सगळ्यात चांगलं. डिसेंबरनंतर वरचा थर सुटतो, पाय मागे घसरतो, स्टार्टला पहिल्या चार पावलांत नुकसान होतं. त्यामुळे सप्टेंबरचा आणि जानेवारीचा टाइम एकाच मैदानावरचा असला तरी सरळ ताडू नका. अनवाणी पळणाऱ्या मुलाला सिंथेटिकवर प्रथमच नेताना आदल्या आठवड्यात बूट घालून पळवा. स्पाइक्स उसने आणायचे तर पिना बघून घ्या, सिंथेटिकला ९ मिलिमीटरपेक्षा लांब पिना चालत नाहीत.

पुळणीवर सराव सगळेच करतात, आणि करावाच. उषाही पय्योळीच्या किनाऱ्यावर घडल्या. पण तिथला टाइम मैदानाच्या टाइमला जोडू नका. भुसभुशीत वाळूत टाइम घेऊच नका, तिथे फक्त दम काढा. टाइम घ्यायचाच असेल तर ओहोटीच्या ओल्या, टणक पट्ट्यावर. दापोलीकडच्या मुरुड-कर्दे किनाऱ्यावर असा पट्टा चांगला मिळतो. वेळ काढायला पंचांग पुरतं. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ येते, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, ओहोटी नऊला. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आसपास, म्हणून ओहोटी संध्याकाळी सहाला, आणि त्या दिवसांत पाणी खूप आत जातं, पट्टा रुंद मिळतो. गावागावाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, तिथल्या मच्छीमारांना विचारा.

किनारा समुद्राकडे उतरता असतो, एक पाय कायम खाली पडतो. एक फेरी उत्तरेकडे, दुसरी दक्षिणेकडे पळा आणि दोन्हींची सरासरी लिहा. वाऱ्याचाही फरक त्यात बराचसा निघून जातो.

वहीत काय लिहायचं

एक ओळ पुरे. उदाहरणादाखल अशी: '१०० मी., हीट, १२.७ हात, दोन घड्याळं, क्लॅपर बघून, वारा तोंडावर, पानं हलत होती, माती ओलसर, अनवाणी, सकाळी ११.' तारीख समासात. वर्षभर अशा ओळी साठल्या की पोर सुधारतंय की नाही ते दिसायला लागतं, कारण सारख्या परिस्थितीतल्या ओळी शेजारी ठेवता येतात. ०.२४ मिळवून आकडा बदलून लिहू नका. जसा आला तसा लिहा, मिळवायचं ते वाचताना मिळवा.

आणि एक कसोटी जवळ ठेवा. २०२५ च्या जुलैत अनिमेष कुजूरने ग्रीसमध्ये १०.१८ दिले, तो १०.२० च्या आत गेलेला पहिला भारतीय. तेव्हा गावच्या मैदानावर नववीतल्या मुलाचे १०.६ आले, तर हार आणण्याआधी टेप आणा.

रिलेचं तर अजिबात धरू नका. 'शेवटचा दहा नऊमध्ये पळाला' हे खरं असू शकतं, पण तो उभ्या जागेवरून सुटलेला नसतो. धावत धावत बॅटन घेतलेल्याला स्टार्टचा वेळ लागत नाही, आणि बॅटन बदलायच्या पट्ट्यात ती नेमकी कुठे हातात आली त्यावर त्याचं अंतर कमी-जास्त होतं. रिलेच्या ओळी वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि चार जणांचा एकत्र टाइमच लिहा.